बाळ कुरूप आहे, आत या

पेत्रोनिलाला मुलगी झाली तेव्हा नेरेइदा शेजारच्या आवारात पोपटासाठी पपई चिरत होती, आणि तिची स्वतःची चार महिन्यांची अमारिलिस पाठीवरच्या झोळीत बसून तिच्या वेणीचं टोक चोखत होती. पेत्रोनिला म्हणजे सान गास्पारच्या प्राणिसंग्रहालयातली टॅपिर. अंगाने गाढवाएवढी, चेहऱ्याने डुक्कर होता होता राहिलेली, आणि नाक असं की हत्तीने सोंड शिवायला टाकली आणि कापड कमी पडलं. नवरा उसना आणला होता, डोंगरापलीकडच्या संग्रहालयातून. तो तीन आठवडे राहिला, सगळे भोपळे खाल्ले आणि परत गेला. त्यानंतर तेरा महिने पेत्रोनिला आणि नेरेइदा एकमेकींच्या सोबतीला होत्या, कारण दोघींना साधारण एकाच सुमाराला दिवस गेले होते. दुपारी सावलीत नेरेइदा भिंतीला टेकून पाय लांब करायची आणि पेत्रोनिला ते आखूड नाक तिच्या पोटावर टेकवून सुस्कारे टाकायची. नवव्या महिन्यात नेरेइदा सुटली. पेत्रोनिला तशीच, आणखी चार महिने. बाळ घेऊन पहिल्यांदा कामावर आली तेव्हा नेरेइदाला तिच्याकडे बघायची लाज वाटली होती, जणू रांगेत मधेच घुसून आपण आपलं काम उरकून घेतलं.

त्यामुळे ती ओली, पट्टेरी, ठिपक्याठिपक्यांची पोर गवतात पडलेली दिसली तेव्हा नेरेइदा पपईसकट रडली. पोर हुबेहूब पाय फुटलेलं कलिंगड होती. जन्माचं वजन सात किलो.

तिने ही बातमी फक्त तीओ कान्दोला सांगितली. तीओ कान्दो संग्रहालयाचा मुख्य राखणदार, आणि नेरेइदा धरून राखणदार दोनच, म्हणून मुख्य. साठीचा, भला माणूस, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. त्याने बातमी चर्चच्या घंटावाल्याला सांगितली, आणि रविवारी प्रार्थना संपल्यावर ती कर्ण्यावरून गावाला कळली.

संग्रहालय तसं गावाचंच होतं. बाजार आणि फुटबॉलचं मैदान यांच्यामधल्या जागेत छातीएवढी भिंत घालून ते उभं केलेलं. आत पेत्रोनिला, तीन कोळीमाकडं, एक टोकदार नाकाचा, लांब शेपटीचा कोआती, कुणी कधी हलताना न पाहिलेली दोन कासवं, आणि कर्नल नावाचा लाल मकाव पोपट. यांचं सगळं खाणंपिणं बाजारातून यायचं. कुणी पिकून काळी पडलेली केळी आणायचं, कुणी डागाळलेला भोपळा. जो आणेल त्याला वाटेल तेव्हा आत येऊन आपला भोपळा कोण खातंय ते बघायचा हक्क. म्हणजे संग्रहालय बंद ठेवायची सोयच नव्हती.

रविवारी सगळं गाव आलं. आणि सान गास्पारमध्ये, आसपासच्या सगळ्या गावांत असते तशीच, एक रीत आहे. कुणाच्या बाळाचं कौतुक केलंत तर त्याला हात लावायचा. ‘किती गोड’ म्हणालात आणि हात न लावता निघून गेलात, तर बाळाला दृष्ट लागते. मग ते रडतं, दूध ओकतं, सुकतं, आणि तुम्हाला शोधत त्याची आई तुमच्या दारात येते. बसमध्ये अनोळखी बाई तुमच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवते ती याच भल्यासाठी, आणि न फिरवता उतरली तर लोक तिला मागून हाका मारतात.

त्या दिवशी प्रत्येक जण म्हणाला, किती गोड. मग प्रत्येकाने कठड्यातून हात आत घातला. कुणी कान चाचपला, कुणी नाक, कुणी पट्टे मोजले. ज्यांचे हात पोचत नव्हते त्यांनी पोरांना खांद्यावर घेऊन त्यांचे हात पोचवले. नेरेइदा ओरडून ओरडून थकली. लोकांना वाटलं तिला रांग लावायची आहे, म्हणून त्यांनी शहाण्यासारखी रांग लावली. पेत्रोनिला आधी भिंतीला चिकटली, मग तळ्यात जाऊन बसली, फक्त नाक वर, आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. टॅपिर आडवी पडल्याशिवाय पाजत नाही आणि तळ्यात आडवं पडता येत नाही. पोर काठावर उभी राहून शिट्टीसारखी बारीक ओरडत राहिली. तो आवाज ऐकून नेरेइदाला पान्हा फुटला आणि तिचा गणवेश पुढून भिजला, पण त्याचा तिथे काही उपयोग नव्हता.

सोमवारी वजन सहा किलो आठशे भरलं. नेरेइदाने राजधानीतल्या डॉक्टर आर्गेतांना फोन लावला. सगळ्या लहान संग्रहालयांची जनावरं तेच बघायचे, कडक माणूस म्हणून नाव होतं. आई आणि राखणदार सोडून कुणी बाळाला हात लावायचा नाही, असं त्यांचं सही-शिक्क्याचं पत्र कचेरीच्या भिंतीवर होतं, घामट बोटांचे ठसे लागून पिवळं पडलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की शनिवारी मी येतो. पोर नऊ किलो भरली तर राहील. नाही भरली तर तिला राजधानीत नेऊन बाटलीवर वाढवावं लागेल.

नेरेइदाने विचारलं, आणि आई? डॉक्टर म्हणाले, आई इथेच.

फोन ठेवून ती पेत्रोनिलाच्या आवारात गेली आणि झाडूने तिचं पोट खाजवायला लागली. तेवढ्याने पेत्रोनिला जरा निवळायची. त्या दिवशी तेवढ्यानेही ती निवळली नाही.

मंगळवारी सकाळी सहाला नेरेइदा कामावर आली, तर भिंतीवर काहीतरी वाळत घातलेलं दिसलं. जवळ जाऊन बघते तर दोन्या त्रान्सितो. अर्धी आत, अर्धी बाहेर, पोटावर. बाजारातली सगळ्यात जुनी भाजीवाली, वय अडुसष्ट, गावातल्या कुठल्याही बाळाला दृष्ट लागली की ती अंगावरून अंडं फिरवून काढायला पहिली धावणारी. तिचा एक जोडा आत पडला होता आणि कर्नल पिंजऱ्याच्या जाळीला लटकून तिच्याकडे बघत ‘किती गोड, किती गोड’ असं बोलत होता. रविवारी दिवसभरात तो तेवढंच शिकला होता.

“हसू नकोस,” दोन्या त्रान्सितो म्हणाली. “आधी खाली उतरव.”

नेरेइदाने तिला खांदा देऊन उतरवलं. अमारिलिसने झोळीतून हात काढून दोन्याच्या अंबाड्यातला कंगवा काढून घेतला. दोन्याने तिच्या गालाला बोट लावलं, मग बोलली. रविवारी तिने लांबूनच त्या पोरीला पाहिलं होतं, तोंडातून ‘गोड’ निघून गेलं होतं, आणि गर्दीत हात काही पोचला नव्हता. सोमवारी बाजारात कळलं की पोर सुकत चाललीये. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

“माझंच हे. मी एवढ्या बाळांची काढली, आणि माझीच लागली. एकदा हात लावू दे पोरी, फक्त करंगळी.”

नेरेइदा म्हणाली की करंगळीसुद्धा नाही. आणि मग, झोप न झालेली बाई जशी पटकन रडवेली होते तशी होऊन, तिने शनिवारचं सगळं सांगून टाकलं. नऊ किलो, राजधानी, आई इथेच. दोन्या त्रान्सितो भिंतीला टेकून ऐकत होती. एका पायात जोडा, एक अनवाणी.

“हात लावायचा नाही म्हणतेस.”

“नाही.”

“मग गोड म्हणायचंच नाही,” दोन्या म्हणाली. “वाईट म्हणायचं. वाईटाची कधी दृष्ट लागल्याचं ऐकलंयस?”

नेरेइदाला ते पटलं. दोन्याने आणखी एक अट घातली: बोलायचं ते कुजबुजत. बाळाला नावं ठेवलेली आईच्या कानावर गेली तर तिचं दूध आटतं. हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे, पुरुषांना सांगावं लागेल. मग कठड्याकडे जाऊन, हात पाठीमागे घट्ट बांधून, तिने त्या कलिंगडाकडे डोळे भरून पाहिलं आणि अगदी हळू, मायेने म्हणाली, “काय गं हे ध्यान.”

दुपारपर्यंत तीओ कान्दोने फळी रंगवून फाटकावर टांगली. ‘बाळ कुरूप आहे. आत या. कौतुक करणाऱ्याला बाहेर काढण्यात येईल.’ अक्षरं शेवटी शेवटी बारीक झाली होती, कारण फळी संपत आली होती.

गावाने हे काम अंगावर घेतलं. सान गास्पारचे लोक एरवी तोंडाचे फार गोड, मेलेल्या माणसाला सुद्धा तब्येत छान दिसते म्हणतील, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांना जड गेलं. लोक कठड्यापाशी यायचे, तोंड उघडायचे, आतून ‘अगंबाई’ यायला लागलं की गिळायचे आणि ठसका लागून बाजूला व्हायचे. पण बुधवारी हात बसला. खाटकाची बायको म्हणाली, हिच्यापेक्षा आमच्या दुकानात टांगलेली बरी दिसतात. बस चालवणाऱ्याने सांगितलं की असल्या नाकाला तो गाडीत बसू देणार नाही, दरवाजा लागणार नाही. दोघं म्हातारे मित्र रोज चारला खुर्च्या घेऊन यायला लागले आणि पाळीपाळीने एकेक शिवी हळूच सोडायचे, मधे मधे कॉफी प्यायचे. पोरगी कडेकडेने ठेचकाळत चालली की माणसांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ओठ म्हणायचे, शी, काय चालणं आहे.

सगळ्यांना जमलं असं नाही. तीओ कान्दोला तर अजिबातच जमेना. तो खूप आठवून आठवून एवढंच म्हणायचा, “बरी आहे,” आणि त्यातही चेहरा असा फुलायचा की दोन्या त्रान्सितो त्याला हाताला धरून माकडांकडे नेऊन सोडायची. पाद्रींचा प्रश्न वेगळा होता, त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. ते आपल्या बुटांकडे बघत पुटपुटले की देवाने यापेक्षा नीटनेटकं कामही केलेलं आहे. शाळेच्या बाईंनी तक्रार केली की पोरं घरी जाऊन धाकट्या भावंडांवर सराव करतायत. मग बाईंनीच मुलांना सभ्य शब्दांची यादी करायला लावली. कुजकं रताळं चालेल, म्हशीचं शेपूट चालेल, आजीच्या नावाने काही चालणार नाही. नगराध्यक्ष आले, छाती पुढे काढून ‘आपल्या गावाची शान’ एवढं बोलले आणि लोकांनी त्यांना पुढचं बोलू न देता बाहेर नेलं.

राहता राहिला कर्नल. तो दिवसभर वरून ‘किती गोड’ ओरडायचा आणि खालून वीस माणसं एकदम कुजबुजायची, नाही हं, नाही. पोपटाची दृष्ट लागते का यावर बाजारात दोन तट पडले. शेवटी दोन्या त्रान्सितोनेच निवाडा केला. पोपट एका वेळी एकाच डोळ्याने बघतो, तेव्हा लागलीच तर अर्धी, आणि अर्धीला ती एक अंडं फिरवेल. तिने ते फिरवलं. कर्नलने अंडं हिसकावून घेतलं आणि खाल्लं.

गंमत अशी झाली की आवार कधी नव्हे ते शांत झालं. कुणी ओरडत नव्हतं, कुणी हात घालत नव्हतं. सगळं गाव हात पाठीशी बांधून, चर्चमध्ये उभं असल्यासारखं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून श्वासाच्या आवाजात पोरीला नावं ठेवत होतं. दिवसा माणसं दिसली की तळ्यात जाणारी आणि फक्त रात्री पाजणारी पेत्रोनिला बुधवारी दुपारी गर्दीसमोरच तळ्यातून बाहेर आली. गुरुवारी नेरेइदाने झाडू फिरवल्यावर ती धप्पकन कुशीवर पडली, आणि पोरीने धाव घेतली. नेरेइदा जागची हलली नाही. तिने अमारिलिसला झोळीतून पुढे घेतलं आणि तिथेच गवतात बसून तिलाही पाजलं. कठड्यापलीकडे खाटकाची बायको म्हणाली, “बघा, किती घाणेरडी पिते,” आणि पदराला नाक पुसावं तसं एप्रनला पुसलं.

वजन रोज सकाळी व्हायचं, दोन्या त्रान्सितोच्या भाजीच्या काट्याला झोळी अडकवून. बुधवारी सात, गुरुवारी सात सहाशे, शुक्रवारी आठ दोनशे. नेरेइदा बोटांवर हिशेब करायची आणि बोटं थोडी कमी पडायची.

शनिवारी दहाला डॉक्टर आर्गेता आले. उंच, इस्त्रीचा सदरा, बगलेत फाइल. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटलं दुसऱ्या कुणी सांगितलं असेल. फाटकावरची फळी त्यांनी दोनदा वाचली. आत आले तर सत्तर-ऐंशी माणसं कठड्याभोवती उभी, आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई जनावराच्या पिल्लाकडे बघून पुटपुटतायत, “तुझ्या आईने तुला बघून पाण्यात उडी मारली, बरोबरच केलं.” शाळेची एक तुकडी तालासुरात, हलक्या आवाजात, कुजकं रताळं, कुजकं रताळं. डॉक्टरांनी फाइल उघडली आणि काहीतरी लिहिलं. नेरेइदाने मान वाकडी करून वाचलं: ‘लोकांच्या मनात प्राण्याविषयी तीव्र द्वेष.’

ती घाईघाईने समजवायला लागली. डॉक्टर म्हणाले, आधी वजन.

आठ किलो आठशे.

काट्याचा काटा थरथरून तिथेच थांबला. नेरेइदाने झोळी जरा सैल करून पाहिली, उगीच. दोनशे ग्रॅम म्हणजे काय, दोन टोमॅटो, पण काटा दोन्या त्रान्सितोचा होता आणि तिने आयुष्यात कधी मापात मारलं नव्हतं, म्हणून तिलाही काटा चुकला म्हणता येईना. पोर खाली ठेवताच ती डॉक्टरांच्या बुटापाशी आली आणि ते आखूड नाक वर करून तिने बुटाची लेस हुंगली. कानांची टोकं पांढरी, दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना.

डॉक्टर आर्गेता वाकले. कडक माणूस, पण शेवटी माणूसच.

“किती सुंदर आहे हो ही,” ते म्हणाले.

सगळं आवार गार पडलं. शाळेच्या एका पोरीने तोंडावर हात ठेवला.

“आता हात लावा,” दोन्या त्रान्सितो कुजबुजली.

डॉक्टर म्हणाले की हात लावायचा नाही, हे मीच लिहिलंय. दोन्या म्हणाली की मग सुंदर कशाला म्हणालात. डॉक्टर म्हणाले, कारण ती आहे. लोक कळवळले. खाटकाच्या बायकोने कानांवर हात घेतले. बसवाला म्हणाला की डॉक्टरसाहेब, आता दोनदा झालं. डॉक्टरांनी आवाज चढवला, तर ऐंशी माणसांनी बोट ओठांवर ठेवून त्यांना श्श केलं आणि पेत्रोनिलाकडे बोट दाखवलं. मग त्यांनीही कुजबुजत भांडायला सुरुवात केली. शास्त्र काय म्हणतं ते त्यांनी कुजबुजत सांगितलं. दोन्याने तिने दृष्ट काढलेल्या बत्तीस बाळांची नावं त्यांना कुजबुजत ऐकवली. पाद्री मधे पडले. मार्ग एकच होता, बोललेलं मागे घ्यायचं. कुरूप म्हणायचं, मनापासून. डॉक्टर म्हणाले की मी सरकारी तपासणीला आलोय, असलं काही बोलणार नाही. दोन्या म्हणाली की मग आम्हीही इथून हलणार नाही, आणि तुमची गाडी भोपळ्याच्या हातगाडीमागे अडकलीये.

हे अर्धा तास चाललं. शेवटी डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“नाकाची लांबी,” ते हळू म्हणाले, “प्रमाणाबाहेर आहे.”

लोक वाट बघत राहिले.

“आणि कान… कान एका जनावराचे वाटत नाहीत.”

“आणखी,” दोन्या म्हणाली.

“ध्यान आहे,” डॉक्टर आर्गेता म्हणाले. “एकूण, ध्यान आहे.”

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. आणि तेवढ्यात चुपचुप असा ओला आवाज सगळ्यांच्या कानावर आला. एवढा वेळ नेरेइदाचं भांडणाकडे लक्षच नव्हतं. ती मागे गवतात गुडघ्यांवर बसून पेत्रोनिलाच्या पोटावर झाडू फिरवत होती. पेत्रोनिला कुशीवर पसरली होती, डोळे मिटून, आणि पोर चारी पाय ताणून पीत होती. प्यायली, ढेकर दिला, परत प्यायली.

नेरेइदाने तिला उचललं आणि झोळीत घातलं. काटा नवाच्या पुढे गेला आणि एका रेघेवर थांबला. नऊ किलो शंभर.

डॉक्टर म्हणाले की हे दूध प्यायल्यावरचं वजन आहे.

“दूध तिच्या पोटात आहे, डॉक्टर,” नेरेइदा म्हणाली. “माझ्या पोरीचं वजनही दवाखान्यात पाजूनच होतं. उपाशी लेकराला काट्यावर कोण ठेवतं?”

कठड्याभोवतीच्या सगळ्या आयांनी माना डोलावल्या. कुणीच ठेवत नाही. एकीने सांगितलं की तिच्या तिसऱ्याला तर तिने दोनदा पाजून नेलं होतं. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं, मग कुशीवर पडलेल्या पेत्रोनिलाकडे, जिच्या अंगावर इतक्या दिवसांत एक ओरखडा नव्हता आणि जी ऐंशी माणसांसमोर घोरायला लागली होती. मग फाइल उघडून ‘द्वेष’ शब्दावर काट मारली. त्याच्या वर काय लिहावं हे त्यांना सुचलं नसावं, कारण जागा कोरीच राहिली. वजनाच्या रकान्यात नऊ किलो शंभर लिहिलं आणि खाली सही केली.

नेरेइदा पेत्रोनिलाच्या कानाशी वाकली. काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही.

हातगाडी हलेपर्यंत डॉक्टरांना फाटकाशी थांबावं लागलं. तीओ कान्दोने त्यांना कॉफी आणून दिली आणि आनंदाच्या भरात चार चमचे साखर घातली. नेरेइदा आभार मानायला आली तेव्हा अमारिलिस झोळीतून मान बाहेर काढून डॉक्टरांच्या चष्म्याकडे टक लावून बघत होती, तोंडभर लाळ, डोक्यावर दोनच केस, तेही ताठ उभे. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इकडेतिकडे पाहिलं. मग जपून म्हणाले, “हिचीही… हनुवटी काही खास नाही.”

“अहो, हिला हात लावता येतो,” नेरेइदा म्हणाली.

“असं का,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी कॉफीचा कप फाइलवर ठेवला आणि एक बोट पुढे केलं. अमारिलिसने ते मुठीत धरलं आणि तोंडाकडे ओढायला लागली. डॉक्टर खाली वाकून, फक्त तिला आणि तिच्या आईला ऐकू जाईल इतक्या हळू, काय म्हणायचं ते म्हणाले.

हातगाडी हलली, गाडीला वाट मोकळी झाली, पण बोट काही सुटेना. वरून कर्नलने मान वाकडी करून एका डोळ्याने डॉक्टरांना नीट न्याहाळलं आणि आठवडाभरात पहिल्यांदाच नवं काही बोलला.

“काय हे ध्यान,” तो म्हणाला.